गहू बंद केल्यावर तब्येत बिघडली, तर काय शोधायचं

गहू बंद केला की आठवडाभरात फोन येतो. "वहिनी, पोट हलकं वाटतंय खरं, पण डोकं नुसतं ठणकतंय." कुणाचं पोट साफ होत नाही, कुणाला जिना चढताना पायात त्राण राहत नाही, कुणी दिवसभर घरच्यांवर खेकसत असतं. आमच्या धाकट्या दिराला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. त्यामुळे नाशकात ओळखीपाळखीच्या कुणाला डॉक्टरांनी ग्लूटेन बंद करायला सांगितलं की माझा नंबर दिला जातो. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण तक्रारी इतक्या सारख्या असतात आणि त्यांची कारणं इतक्या वेळा ताटात नाहीतर डब्यात सापडतात, की म्हटलं एकदा लिहूनच ठेवावं.

"अंगातलं विष बाहेर पडतंय, म्हणून त्रास होतोय, आठ दिवस सोसा" हे वाक्य फॅमिली ग्रुपवर फिरत असतं. त्याला काडीचा आधार नाही. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय (मोहरीची राई नव्हे) या धान्यांतलं प्रथिन आहे. ते अंगात साठून बसत नाही, की गहू सोडल्यावर त्याचा निचरा व्हावा. तंबाखू सुटल्यावर शरीर जशी तलफ काढतं, तसं ग्लूटेनचं काही होतं हेही वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेलं नाही. त्रास खोटा नसतो, पण त्याचं कारण बहुतेक वेळा शोधून सापडण्यासारखं असतं. सोसत बसलात तर तेवढे दिवस ते कारण चालूच राहतं.

तपासणी झाली आहे ना?

डोकेदुखीचं नंतर बघू. गहू तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून सोडला? सिलिॲकसाठी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी करतात, तिच्याबरोबर एकूण आयजीएही (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांचं प्रमाण) बघतात, आणि गरज वाटली तर दुर्बीण घालून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवतात. या तपासण्या गहू खात असतानाच कराव्या लागतात. गहू बंद करून काही आठवडे गेले की रक्तातली प्रतिपिंडं कमी होऊ लागतात, आतडंही सावरायला लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. मग निदान करायचं तर पुन्हा साधारण सहा आठवडे रोज गहू खावा लागतो. एकदा बरं वाटायला लागल्यावर हे कुणालाच नको असतं.

म्हणून यूट्यूब बघून परवाच गहू सोडला असेल, तर आधी पोटविकारतज्ज्ञांना फोन करा. सोडून बरेच महिने झाले असतील आणि परत खायची हिंमत नसेल, तर जनुकांची एक तपासणी असते, डीक्यू२ आणि डीक्यू८ बघणारी. तिला गहू खाण्याची अट नाही. ती नकारात्मक आली तर सिलिॲकची शक्यता जवळपास संपते. सकारात्मक आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ही जनुकं निरोगी माणसांतही भरपूर आढळतात.

पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी, चक्कर आणि गळून जाणं

अशा वेळी मी एकच विचारते, "काल दिवसभरात काय काय खाल्लंत, ते सांगा." उत्तर साधारण असं येतं: सकाळी नुसता चहा, दुपारी भाजी, वरण आणि काकडी, संध्याकाळी केळं, रात्री थोडी खिचडी.

आपल्या घरांत सकाळी खारी किंवा टोस्ट असतो, डब्यात तीन पोळ्या असतात, रात्री परत दोन-तीन पोळ्या होतात. कणकेत १०० ग्रॅमला सव्वातीनशे ते साडेतीनशे कॅलरी असतात. ताटातून पोळी काढली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही, तर दिवसाला पाचशे-सहाशे कॅलरी सहज कमी पडतात. ही उपासमारच झाली. त्यात पिष्ट पदार्थ एकदम घटले की यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर वापरली जाते, तिच्याबरोबर धरलेलं पाणी निघून जातं, आणि मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, कपाळ जड, पाय गळालेले, हे सगळं त्यातूनच येतं.

उपाय साधा आहे. पोळी गेली तर तिच्या जागी मोजून काहीतरी यायलाच हवं. दोन पोळ्यांच्या जागी एक मोठी भाकरी किंवा दीड-दोन वाट्या भात. सोबत बटाटा, रताळं, केळं असं काही ना काही असू द्या. या काळात वजन कमी करायचा संकल्प करू नका. दोन्ही एकदम केलं की कशामुळे काय होतंय तेच कळेनासं होतं. मिठाचं ताक, भाताची पेज किंवा नागलीची (नाचणीची) आंबील दिवसातून एकदा-दोनदा घ्या. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. खारी-टोस्ट बंद झालं की "मग नुसता चहा कसा घ्यायचा" म्हणून चहाही सुटतो. दिवसाला चार कप पिणाऱ्याचा चहा अचानक बंद झाला, तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, पहिले दोन दिवस ते सगळ्यात जास्त दुखतं आणि कधी कधी आठवडाभरही रेंगाळतं. त्या डोकेदुखीचं खापर गव्हावर फुटतं. चहा कमी करायचाच असेल तर तो महिनाभराने, सावकाश करा.

नाश्त्याचं कोडं मात्र खरं आहे. उपमा, शिरा, सँडविच, पराठा सगळं एका फटक्यात जातं आणि माणूस नाश्ताच सोडून देतो. पण पोहे आहेत, तांदळाची उकड आहे, घावन आहे, मुगाचं धिरडं आहे, इडली आहे (रवा इडली नको). शिवाय घरोघरी उपासाचा डबा असतोच. वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांपैकी कशातच ग्लूटेन नाही. आपल्याकडे आषाढी आणि महाशिवरात्र पाळणाऱ्या माणसाला ग्लूटेनशिवायचा स्वयंपाक अर्धा येतोच, फक्त तो त्याने त्या नावाने कधी केलेला नसतो. एवढंच की साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसं काही नाही. त्याने तरतरी येईल, पण रोजचं जेवण म्हणून तो नको.

पोट साफ होत नाही

पोळी सोडून फक्त भातावर आलेल्यांची ही तक्रार. कणकेत १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. पोळीच्या जागी तिन्ही त्रिकाळ भात आला तर तंतू पाव हिश्श्यावर येतात. ऑनलाइन मागवलेला ग्लूटेन-फ्री पाव आणि बिस्किटं त्यात भर घालतात, कारण ती बहुधा तांदळाचं पीठ, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च आणि डिंकासारखे पदार्थ यांचीच बनलेली असतात. महागही असतात. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलंय म्हणून ती पोटाला हलकी किंवा तब्येतीला चांगली, असं नाही.

ज्वारी, बाजरी आणि नागलीत तंतू कणकेइतकेच, १० ते ११ ग्रॅम. म्हणजे भाकरी आली की हिशेब बऱ्यापैकी जुळतो. आपण नाशिककर या बाबतीत नशीबवान. नागली पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडची, बाजरी सिन्नर-येवल्याची, तांदूळ इगतपुरीचा; पुण्या-मुंबईचे लोक ज्याला हेल्थ फूड म्हणून दुप्पट पैसे मोजतात ते आपल्याकडे बाजारच्या दिवशी पोत्यात मिळतं. नागलीत कॅल्शियमही भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. दूध बंद करावं लागलं तर हे कामाला येतं.

इसबगोल चालतं, पण पेलाभर पाण्याबरोबर आणि वरून आणखी पाणी पिऊन. कमी पाण्यात घेतलं तर उलट त्रास वाढतो.

पोट फुगतं, गॅस होतो

हे बहुतेक वरचा सल्ला एका दिवसात अमलात आणणाऱ्यांचं होतं. सोमवारी पोळी बंद, मंगळवारपासून सकाळी नागलीची आंबील, दुपारी बाजरीची भाकरी, रात्री पिठलं, मधल्या वेळी भाजलेले चणे. सिलिॲक असेल तर आतड्याचं अस्तर आधीच सोललेलं असतं, त्यात भाकरीची सवय नसलेल्या माणसाने इतका तंतू आणि इतकी डाळ एकदम टाकली, तर पोट फुगणारच. बेसनाचं तर विशेषच होतं, कारण मैदा गेला की प्रत्येक पदार्थात बेसन शिरतं.

भाकरी-नागलीची सवय नसेल तर पहिले आठ-दहा दिवस मऊ भात, मूगडाळीची खिचडी, दुधी, गाजर, भोपळा, बटाटा. मग दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी. ती पचली की एक. नागली त्यानंतर, बाजरी सगळ्यात शेवटी. मी तरी हाच क्रम सांगते. द्राक्षांच्या दिवसांत आणखी एक बघा: गोड खायला दुसरं काही उरत नाही म्हणून लोक बसल्या बैठकीला अर्धा किलो द्राक्षं संपवतात. फळांतली साखर एका वेळी एवढी गेली की कित्येकांच्या पोटात गुरगुर होते. मूठभर खा.

दूध प्यायलं की जुलाब

"आधी कधी दुधाचा त्रास नव्हता" असं सगळेच म्हणतात. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, आणि दुधातली साखर पचवणारं विकर त्यांच्या टोकाशी तयार होतं. सिलिॲकमध्ये हे उंचवटेच झिजतात, मग ते विकर कमी पडतं. गहू खात होतो तेव्हा सगळा त्रास एकात एक मिसळलेला होता. गहू गेला आणि दुधाचा त्रास वेगळा दिसू लागला. शिवाय पोळी गेली म्हणून लोक "ताकद यावी" यासाठी दुधाचे पेले वाढवतात.

दोन-तीन आठवडे दूध, खवा, पेढे, आइस्क्रीम, बासुंदी बंद करून बघा. दही आणि ताक बहुतेकांना चालतं. आतडं भरून आलं की दूध पुन्हा पचायला लागतं, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. लहान मुलाचं दूध मात्र स्वतःच्या मनाने तोडू नका.

चार दिवस बरं, मग परत पहिले पाढे

सगळ्यात जास्त वेळ माझा इथे जातो. सिलिॲकच्या माणसाला गहू सोडूनही बरं वाटत नसेल, तर सर्वात आधी संशय घ्यायचा तो गहू अजून कुठून तरी पोटात जात असल्याचा. हा आजार गव्हामुळे होतो हे ओळखलं गेलं, त्यातही हेच दिसलं होतं. विलेम डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला तेव्हा सिलिॲकची मुलं सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी आपलं काम प्रबंध म्हणून मांडलं.

किती कमी गव्हाने बिघडतं, याचा अंदाज लोकांना नसतो. एका पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात रोज ५० मिलीग्रॅम गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा. "प्रसादाचा एक घास घे रे, देवाचं आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्या काकूंना मी हाच आकडा सांगते. सत्यनारायणाचा शिरा हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि शेजारच्याला द्यावा.

आता घरातली ठिकाणं. पहिलं मेतकूट. पोट बिघडलं की आपण माणसाला काय देतो? मऊ भात, तूप, मेतकूट. आणि पारंपरिक मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घातलेला असतो. म्हणजे आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून जे देतो तेच त्याला आजारी ठेवतं. गहू न घालता मेतकूट उत्तम होतं, घरीच करा. थालीपिठाच्या भाजणीचंही तेच. सातूचं पीठ तर गहू किंवा जव भाजूनच होतं. कुरडई गव्हाच्या चिकाची, ती नको. ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड चालतील, फक्त त्यांत दुसरं काही मिसळलेलं नाही ना, हे विचारा.

दुसरं हिंग. बाजारात मिळणारं बहुतेक हिंग शुद्ध नसतं, ते डिंक आणि पिठात मिसळून तयार केलेलं असतं. ते पीठ काहींत तांदळाचं असतं, बऱ्याच डब्यांत गव्हाचं किंवा मैद्याचं. चिमूट छोटी, पण फोडणी दोन्ही वेळची, शिवाय तेच पापडात, लोणच्यात, चिवड्यात, शेवेत. डबी उलटी करून बारीक अक्षरांतला मजकूर वाचा आणि तांदळाच्या पिठातलं घ्या.

तिसरी गिरणी. "काका, गव्हाच्या चक्कीवर टाकू नका हं." "अहो ताई, ज्वारी-बाजरीची चक्की वेगळीच आहे आपली." खरं असतं ते. पण त्याच वेगळ्या चक्कीवर तुमच्या आधी कुणीतरी भाजणी दळून नेलेली असते, आणि गिरणीभर पिठाचा धुरळा असतो तो गव्हाचाच. शिवाय ज्वारीच्या पोत्यातही गव्हाचे दाणे निघतात. दिराचं निदान झाल्यावर आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच टाकत नाही. धान्य निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून दळतो. घरघंटी परवडत नसेल तर दोन-तीन कुटुंबांत मिळून घ्या. तेही जमत नसेल तर ग्लूटेन-फ्री असं स्पष्ट लिहिलेलं बंद पाकिटातलं पीठ घ्या. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे असं लिहायचं तर किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये.

पोळपाट-लाटणं लाकडी असतं, त्याच्या चिरांत कणीक राहते. भाकरी थापायची परात आणि तवा वेगळा ठेवा. तळणीचं तेलही बघा. ज्या कढईत समोसे निघाले तिच्यात तळलेला साबुदाणा वडा नावापुरताच उपासाचा.

मिसळीचं विचारल्याशिवाय नाशिककराचा फोन संपत नाही. मटकी आणि रस्सा यांत मुळात गहू नाही. पाव सोडायचा हे उघड आहे, पण फरसाणात मैद्याची पापडी असते, शेवेत हिंग असतं, आणि वाढणाऱ्याचा हात पावावरून थेट शेवेच्या डब्यात जातो. सिलिॲक असेल तर पहिलं वर्षभर तरी मिसळ घरची, आपल्या हिंगाची, पोह्यांचा चिवडा वर घालून आणि शेजारी भाकरी. चव कमी होत नाही, मळ्यात बसून खाल्ल्याचा थाट तेवढा जातो.

आणखी काही किरकोळ पण नेमकी फसवणारी: लघवीची जळजळ थांबावी म्हणून दिलेलं बार्लीचं पाणी (बार्ली म्हणजे जवच), दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी, माल्ट घातलेले कॉर्नफ्लेक्स, मंचुरियनमधला सोया सॉस, मल्टिग्रेन आटा, बिअर. द्राक्षांच्या वाइनमध्ये मुळात ग्लूटेन नाही, हे विचारायला लाजतात म्हणून सांगून टाकते. आणि खपली. "खपली गहू चालतो ना, तो तर जुना, औषधी?" चालत नाही. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे.

चुकून पोटात गेलंच, तर काही तासांपासून दोनेक दिवसांपर्यंत कधीही उलटी, जुलाब, पोटात कळ, सुन्न झालेलं डोकं असं काहीही होऊ शकतं. गहू सोडल्यानंतर पूर्वीपेक्षा जास्त जोरात त्रास होतो असंही बरेच जण सांगतात. त्यावर उतारा नाही. जलसंजीवनी, पेज, विश्रांती. काढे आणि एनिमा नकोत. आणि आदल्या दोन दिवसांत काय खाल्लं ते तेव्हाच वहीत लिहा, कारण आठवड्याने आठवत नाही.

सिलिॲक नाही, तरी त्रास होतो

तपासण्या स्वच्छ, तरी गहू खाल्ला की पोट फुगतं, असेही लोक आहेत. गहू सोडून त्यांना अर्धवटच बरं वाटतं आणि मग ते गोंधळतात. गव्हात ग्लूटेनशिवाय फ्रुक्टन नावाचं एक कर्बोदकही असतं. ऑस्लोमधल्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ग्लूटेनचा त्रास होतो असं स्वतः सांगणाऱ्या, पण सिलिॲक नसलेल्या ५९ जणांना त्यांनी आळीपाळीने ग्लूटेन, फ्रुक्टन आणि यांपैकी काहीच नसलेल्या वड्या आठवडा-आठवडा खायला दिल्या. कुणाला काय मिळतंय हे न सांगता. जास्त त्रास फ्रुक्टनच्या आठवड्यात झाला.

आणि फ्रुक्टन कांद्या-लसणातही भरपूर असतं. म्हणजे पाव बाजूला सारून कांदा-लसणाचा झणझणीत रस्सा ओरपला, वर कच्चा कांदा घेतला, तर पोट तसंच फुगणार. अशांनी दोन आठवडे कांदा-लसूण कमी करून बघावं. चातुर्मास पाळणाऱ्यांना हे अवघड नाही. फरक पडला तर त्यांना हिंगाच्या डबीवरची अक्षरं वाचत बसायची गरज नाही, घरघंटीचीही नाही.

औषधं चालू असतील तर

हे फार थोड्यांना सांगितलं जातं. सिलिॲकबरोबर थायरॉइडचा आजार आणि टाइप १ मधुमेह अनेकदा जोडीने येतात. आतडं सुधारलं की गोळी जास्त शोषली जाते. थायरॉइडची तीच मात्रा मग जास्त होऊ शकते: छातीत धडधड, हात कापणं, झोप उडणं. इन्सुलिन घेणाऱ्याने पोळीऐवजी भात खाल्ला तर साखर चढू शकते, जेवणच कमी झालं तर ती घसरू शकते. घाम सुटून थरथर झाली तर "गहू सोडल्याची कमजोरी" म्हणून झोपून राहू नका, साखर मोजा. आहार बदलताना ही गोष्ट तुमच्या डॉक्टरांना आधी कळली पाहिजे.

महिनोन्महिने टिकणारा थकवा हा बऱ्याच वेळा गहू सोडल्याचा नसतो, आधीपासूनच्या उणिवेचा असतो. लोह, बी-१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्या. कमी असेल तर नुसत्या पालकावर आणि गुळावर भागत नाही, गोळ्या लागतात.

कधी वाट बघत बसायचं नाही

शौचातून रक्त, सतत उलट्या, ताप, लघवी कमी होणं, चक्कर येऊन पडणं, वजन उतरत राहणं, मूल मलूल पडणं, यांपैकी काहीही असेल तर फोन मला नको, सरळ दवाखान्यात जा. अगदी खंगलेल्या माणसाला घरी एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपाट्याने उतरू शकतं. त्याचं जेवण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवायचं.

बाकीच्यांची पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी आणि गळाठा पोटभर खायला लागल्यावर काही दिवसांत ओसरतो. पोटाच्या तक्रारींना काही आठवडे द्या. आतडं पूर्ण भरून यायला मुलांना कमी वेळ लागतो, मोठ्या माणसांना सहा महिन्यांपासून दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त. टीटीजी सहसा सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने पुन्हा बघतात. आकडा खाली येत असेल तर वाट बरोबर आहे. तो जागचा हलत नसेल तर गहू कुठून तरी जातोय. आकडा उतरला, तरी जुलाब थांबत नसतील तर मोठ्या आतड्याची सूज, लहान आतड्यात वाढलेले जिवाणू, स्वादुपिंडाच्या विकरांची कमतरता अशी दुसरी कारणं शोधावी लागतात, आणि ते काम पोटविकारतज्ज्ञांचंच. जाताना वही न्या, आणि हिंगाची डबी, मसाले, पिठाची पाकिटं यांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्या. नुसतं "घरचंच खातो" म्हटल्यावर त्यांनी तरी कुठून शोधायचं?